संगणकीकृत संतुलन चाचणी आणि तिचे बिल : अमेरिकेतील मराठी कुटुंबांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत मुलांकडे राहायला आलेल्या आईवडिलांचा न्हाणीघरात किंवा जिन्यात तोल जातो, कान-नाक-घसा तज्ज्ञ त्यांना संतुलनाच्या चाचण्यांसाठी श्रवणतज्ज्ञाकडे पाठवतात, आणि काही आठवड्यांनी घरी पाच अंकी कोडांनी भरलेला एक कागद येतो. मी अमेरिकेत वैद्यकीय बिलिंगचे काम करते आणि नात्यागोत्यातले, मंडळातले लोक मला हा कागद पाठवून जे विचारतात, त्याची उत्तरे येथे एकत्र केली आहेत. चाचणी कशासाठी होते हे समजल्याशिवाय तिचे बिल बरोबर आहे की चूक हे ठरवता येत नाही, म्हणून सुरुवात चाचणीपासूनच केली आहे.

ही चाचणी नेमकी काय असते?

तिला कॉम्प्युटराइज्ड डायनॅमिक पोस्चरोग्राफी म्हणतात. रुग्ण अनवाणी एका चौकोनी फळीवर उभा राहतो; पुढे तिलाच ‘पट्टा’ म्हटले आहे. पट्ट्याखाली दाब मोजणारे संवेदक असतात आणि रुग्णाच्या तीन बाजूंना चित्र असलेला पडदा असतो. पडू नये म्हणून अंगावर बंदांचा हार्नेस चढवतात आणि तो वर टांगलेला असतो. पट्टा आणि पडदा दोन्ही हलू शकतात. लुईस नॅशनर या शास्त्रज्ञाच्या संशोधनातून हे यंत्र घडले, आणि अवकाशातून परतलेल्या अंतराळवीरांचा तोल तपासण्यासाठी नासानेही ही पद्धत वापरली.

चाचणीचा मुख्य भाग सहा स्थितींचा आहे. पहिल्या स्थितीत डोळे उघडे, पट्टा स्थिर. दुसरीत डोळे मिटलेले. तिसरीत डोळे उघडे, पण रुग्ण जसा झुलेल तसा पडदा त्याच्याबरोबर झुलतो. चौथ्या स्थितीत पडद्याऐवजी पट्टा रुग्णाच्या झुलण्याबरोबर कलतो, पाचवीत तेच डोळे मिटून, आणि सहावीत पट्टा व पडदा दोन्ही हलतात. प्रत्येक स्थितीत वीस सेकंदांचे तीन प्रयत्न असतात. प्रत्यक्ष उभे राहण्याचा वेळ म्हणजे जेमतेम सहा मिनिटे, परंतु हार्नेस बांधणे, पावले नेमक्या रेषेवर ठेवणे आणि मधली विश्रांती धरून बराच अधिक वेळ लागतो.

या सहा स्थितींतून डॉक्टरांना काय कळते?

माणूस तीन आधारांवर तोल सांभाळतो : डोळे, तळपाय व सांध्यांतून येणारी जाणीव, आणि अंतर्कर्णातील संतुलनेंद्रिय. तिन्ही एकाच वेळी काम करत असल्यामुळे साध्या तपासणीत कोणता आधार कच्चा आहे हे वेगळे काढता येत नाही. येथे यंत्र एकेक आधार काढून घेते किंवा फसवा करते. पट्टा रुग्णाबरोबरच कलू लागला की घोट्यांना झुलणे जाणवत नाही. डोळेही मिटले तर भरवसा ठेवायला अंतर्कर्णच उरतो. म्हणून पहिल्या चार स्थितींत व्यवस्थित उभी राहणारी व्यक्ती पाचव्या आणि सहाव्या स्थितीत वारंवार पडू लागली, तर अंतर्कर्णाकडून येणारी माहिती पुरेशी नाही किंवा ती वापरली जात नाही, असा अर्थ निघतो.

प्रत्येक प्रयत्नाला शून्य ते शंभर असे गुण मिळतात. निरोगी माणूस पाय न हलवता पुढे-मागे मिळून साधारण साडेबारा अंशांपर्यंत झुलू शकतो, असे गृहीत धरून हे गुण काढतात; अजिबात न झुलणाऱ्याला शंभर आणि पडणाऱ्याला शून्य. शेवटी जो एकत्रित आकडा छापलेला असतो, तो पहिल्या दोन स्थितींच्या सरासऱ्या आणि उरलेल्या चार स्थितींतील बारा प्रयत्नांचे गुण अशा चौदा आकड्यांची सरासरी असतो. अवघड स्थितींचे वजन त्यात मुद्दामच जास्त ठेवलेले आहे. त्यामुळे ‘आईला शंभरपैकी साठच मिळाले’ म्हणून घाबरून जाण्याआधी, तिच्या वयोगटाची सामान्य पातळी आलेखात कोठे दाखवली आहे हे पाहावे.

चक्कर कशामुळे येते, हे या चाचणीतून कळते का?

नाही, आणि सर्वांत जास्त गैरसमज येथेच होतो. तोल सांभाळण्याचे काम कसे चालले आहे एवढेच ही चाचणी सांगते; आजाराचे नाव सांगत नाही आणि दोष उजव्या कानात आहे की डाव्या, हेही सांगत नाही. अंतर्कर्णातील सूक्ष्म कण जागचे हलल्यामुळे कूस बदलताना काही सेकंद जोरात गरगरते, त्या सर्वांत नेहमीच्या विकाराचे निदान तपासणीच्या टेबलावर डोके एका बाजूला वळवून रुग्णाला झटकन आडवे करण्याच्या साध्या कृतीने होते आणि उपचारही तशाच कृतीने, बहुधा त्याच भेटीत होतो. अमेरिकेतील कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेने २०१७मध्ये सुधारलेल्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट म्हटले आहे की, या विकाराची लक्षणे पूर्णपणे जुळत असतील आणि वेगळे काही दिसत नसेल, तर संतुलनाच्या यंत्रचाचण्या करू नयेत.

मग ती खरोखर कधी उपयोगी पडते?

ज्यांच्या तक्रारीचा उलगडा इतर तपासण्यांनी होत नाही आणि ज्यांचा तोल मात्र उघडपणे जातो आहे, अशांना. दोन्ही कानांतील संतुलनेंद्रिये दुबळी झालेल्यांना, डोक्याला मार लागल्यानंतर अनेक महिने डळमळीत वाटणाऱ्यांना, आणि मधुमेहामुळे तळपायांची संवेदना कमी झालेल्या ज्या वृद्धांना अंधारात चालणे कठीण जाते, त्यांनाही. फिजिओथेरपिस्टला कोणते व्यायाम द्यायचे हे तिच्यावरून ठरवता येते. एखादी व्यक्ती सर्वस्वी डोळ्यांवर विसंबून असेल, तर तिला वेगळे व्यायाम लागतात. जिची पावलेच उशिरा प्रतिसाद देतात, तिला वेगळे. कधी सोप्या स्थितींत पडणारी व्यक्ती अवघड स्थितींत मात्र नीट उभी राहते. शरीराच्या नियमांशी न जुळणारा हा नमुना भीतीमुळेही दिसू शकतो, म्हणून घाईने कोणाला खोटे ठरवू नये.

माझ्या मते डॉक्टरांना चाचणीपूर्वी एकच प्रश्न शांतपणे विचारावा : ‘या निकालावरून उपचारात काय बदलणार आहे?’ उत्तर मिळाले तर चाचणी अवश्य करावी. विमा कंपनीसुद्धा पुढे हाच प्रश्न विचारते, फक्त चाचणी झाल्यावर आणि पैसे अडवून.

व्यायामांनंतर पुन्हा मोजणी करतात तेव्हा एक गोष्ट लक्षात ठेवावी. निरोगी माणसालाही दुसऱ्या खेपेला चाचणीचा सराव झालेला असतो आणि गुण आपोआप थोडे वाढतात. एकत्रित आकड्यात चार-पाच गुणांची भर पडली, म्हणजे व्यायामाचा गुण आला असे ठामपणे म्हणता येत नाही.

आईला नेताना काय तयारी करावी?

साडी नेसवू नये. हार्नेसचे बंद मांड्यांमधून जातात. सलवार किंवा सैल पँट सोयीची. चक्कर दाबणारी औषधे चाचणीच्या निकालावर परिणाम करू शकतात, त्यामुळे कोणती औषधे कधीपासून थांबवायची हे चाचणी लिहून देणाऱ्या डॉक्टरांनाच विचारावे आणि मनाने काहीही बंद करू नये. भारतातून आणलेल्या औषधांचा उल्लेख विशेष करून करावा. आपल्याकडे चक्करेसाठी सर्रास दिले जाणारे बीटाहिस्टिन अमेरिकेत मान्यताप्राप्त औषधांत नाही, त्यामुळे येथील डॉक्टर त्याबद्दल आपणहून विचारतीलच असे नाही.

भाषेची सोय आधी करून घ्यावी. केंद्र सरकारचा निधी घेणाऱ्या दवाखान्यांना आणि रुग्णालयांना कायद्याने दुभाषा विनामूल्य द्यावा लागतो. भेट ठरवतानाच ‘मराठी’ असे सांगावे. नुसते ‘इंडियन’ म्हटल्यास हिंदी बोलणारी व्यक्ती फोनवर येते आणि आजींना काही कळत नाही. ‘हात बाजूला सोडा, समोर बघा, पाऊल न उचलता स्थिर उभे राहा’ एवढ्याच सूचना असतात, परंतु त्या समजल्या नाहीत तर पाऊल उचलले जाते आणि तो प्रयत्न पडल्याचा म्हणून नोंदला जातो.

बिलावर निदानाचे कोड वेगळे आणि चाचणीचे वेगळे का असतात? त्यांचा एकमेकांशी काय संबंध?

चाचणीचा कोड काय केले ते सांगतो आणि निदानाचा कोड का केले ते सांगतो. दोन्ही जुळले नाहीत तर क्लेम, म्हणजे दवाखान्याने विमा कंपनीकडे केलेली पैशांची मागणी, परत येतो. बहुतेक तक्रारींचे मूळ येथे असते आणि ही गफलत पुष्कळदा डॉक्टरांच्या खोलीतच सुरू होते.

मराठीत आपल्याकडे किती नेमके शब्द आहेत ते पाहा. ‘गरगरते’ म्हणजे भोवतालचे फिरते. ‘भोवळ आली’ किंवा ‘डोळ्यांपुढे अंधारी आली’ म्हणजे शुद्ध हरपेल असे वाटले. ते रक्तदाबाचे किंवा हृदयाचे लक्षण असू शकते. ‘तोल जातो’ म्हणजे डोके स्वच्छ आहे, पण पाय स्थिर नाहीत. आई हे तिन्ही वेगवेगळे सांगते आणि आपण मुले भाषांतर करताना तिन्हींचे एकच ‘डिझी’ करून टाकतो. मग नोंदीत आर ४२ हा चक्कर व गरगरण्याचा सर्वसाधारण कोड पडतो. तोल जातो असे सांगितले असते तर आर २६.८१, म्हणजे पायांवर अस्थिरता, आणि वारंवार पडणे सांगितले असते तर आर २९.६ नोंदला गेला असता. या दोहोंवरून संतुलन चाचणीची गरज अधिक स्पष्ट होते. याउलट एच ८१.११, म्हणजे उजव्या कानातील कण हलल्याचे निदान, एवढे एकच कारण लिहून ही चाचणी बिलात लावली असेल, तर विमा कंपनीने शंका घेणे स्वाभाविक आहे. कोड मिळावा म्हणून लक्षण वाढवून सांगणे सर्वस्वी गैर आहे, परंतु जे आहे ते नेमक्या शब्दांत पोहोचवणे हे आपले काम आहे.

९२५४८ आणि ९२५४९ यांत फरक काय?

हे दोन्ही याच संतुलन चाचणीचे कोड आहेत आणि ते अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या सूचीतील आहेत. पूर्वी ९२५४८चे वर्णन अगदी त्रोटक होते. १ जानेवारी २०२०पासून ते बदलले आणि त्यात वर सांगितलेल्या सहाही स्थितींचा नावानिशी उल्लेख आला, तसेच निकालाचा अर्थ लावणे व लेखी अहवाल देणे हे त्याच कोडात धरले गेले. त्याच दिवशी ९२५४९ हा नवा कोड आला. त्यात सहा स्थितींच्या जोडीला आणखी दोन चाचण्या येतात : पट्टा एकाएकी पुढे किंवा मागे सरकवून स्नायू किती वेळात सावरतात हे पाहणे, आणि पट्टा वारंवार वर किंवा खाली कलवून शरीर त्या धक्क्याला सरावते का हे पाहणे. मोठ्या कोडात लहान कोड सामावलेला असल्यामुळे एकाच दिवशी दोन्ही लावता येत नाहीत. सहा स्थिती म्हणजे सहा नग असेही होत नाही. बिलावर ९२५४८समोर संख्या सहा दिसली तर ताबडतोब फोन करावा.

आमच्या आजींना फक्त फोमच्या गादीवर उभे केले होते. तरी ९२५४८ लावता येतो का?

येत नाही. फोमवर डोळे उघडून व मिटून उभे करण्याची तपासणी उपयुक्त आहे, स्वस्त आहे, आणि शमवे-कुक व होराक यांनी १९८६मध्ये मांडल्यापासून जगभर वापरात आहे. त्याखाली दाब मोजणारी संगणकाची पट्टी ठेवली तरी ती स्थिरच पट्टी असते. ज्या यंत्राचा पट्टा आणि पडदा रुग्णाबरोबर हलू शकत नाही, त्यावर चौथी, पाचवी आणि सहावी स्थिती होऊच शकत नाही, आणि त्या झाल्या नाहीत तर कोडाचे वर्णन पुरे होत नाही.

हे मी घरातल्या अनुभवावरून सांगते. माझ्या सासूबाईंच्या बिलात हा कोड होता. मी त्यांना ‘हार्नेस बांधला होता का, समोरचा पडदा हलला का?’ असे विचारले, तर त्या म्हणाल्या, ‘अगं, गादीवर उभी राहिले, भिंतीकडे बघितलं, झालं.’ दवाखान्याकडे लेखी अहवाल मागितला तेव्हा त्यांच्याकडे सहा स्थितींचा आलेख नव्हता आणि तो आकार रद्द करण्यात आला. चूक जाणूनबुजून केली होती की यंत्र विकणाऱ्याने तसे सांगितले होते, हे मी ठरवू शकत नाही. कोडातच अहवाल समाविष्ट असल्याने अहवाल मागणे हा सर्वांत सौम्य आणि सर्वांत परिणामकारक मार्ग आहे, एवढे मात्र तेव्हापासून मी प्रत्येकाला सांगते.

त्याच दिवशीचे बाकीचे कोड कशाचे आहेत?

बहुधा डोळ्यांच्या हालचालींच्या चाचण्यांचे. ९२५४० हा चार चाचण्यांचा एकत्रित कोड आहे. तो लावला असेल तर ९२५४१, ९२५४२, ९२५४४ आणि ९२५४५ त्याच दिवशी वेगळे लावता येत नाहीत, कारण ते त्याच चार चाचण्या आहेत. कानात कोमट व गार पाणी किंवा हवा सोडण्याच्या चाचणीसाठी २०१६पासून ९२५३७ आणि ९२५३८ आहेत. पहिल्यात चार वेळा सोडतात, दुसऱ्यात दोन वेळा. मानेवर किंवा डोळ्याखाली इलेक्ट्रोड लावून आवाज ऐकवला असेल, तर ९२५१७ ते ९२५१९पैकी एक असेल.

एकाच चाचणीची दोन बिले आली. हे दुहेरी बिल आहे का?

प्रत्येक वेळी नाही. यंत्र, खोली आणि चाचणी घेणारा कर्मचारी यांचा एक भाग आणि निकालाचा अर्थ लावण्याचा दुसरा, अशी विभागणी होऊ शकते. खासगी दवाखान्यात दोन्ही मिळून एकच आकार असतो. रुग्णालयात चाचणी झाली असेल तर यंत्राचा भाग रुग्णालय लावते आणि वाचनाचा भाग तज्ज्ञ २६ हा जोडअंक लावून वेगळा पाठवतो. तज्ज्ञाच्या बिलावर २६ नसेल आणि रुग्णालयानेही आकार लावला असेल, तर मात्र यंत्राचे पैसे दोनदा मागितले जात असण्याची शक्यता आहे.

मेडिकेअर असेल तर काय लागते?

मेडिकेअर म्हणजे मुख्यतः पासष्ट वर्षांवरील लोकांसाठीचा अमेरिकन सरकारचा आरोग्यविमा. त्यासाठी उपचार करणाऱ्या डॉक्टरांची लेखी शिफारस लागते. २०२३पासून मेडिकेअरधारकांना ठरावीक श्रवणचाचण्यांसाठी बारा महिन्यांतून एकदा शिफारशीशिवाय थेट श्रवणतज्ज्ञाकडे जाता येते, आणि ही सवलत ऐकून अनेक जण संतुलन चाचणीसाठीही थेट जातात. परंतु तोलाशी संबंधित तक्रारींना ती सवलत लागू नाही. मूळ मेडिकेअरच्या भाग ‘बी’मध्ये (डॉक्टर व बाह्यरुग्ण सेवांचा भाग) वार्षिक डिडक्टिबल, म्हणजे विमा पैसे देऊ लागण्याआधी रुग्णाने स्वतः भरायची रक्कम (२०२५मध्ये २५७ डॉलर), भरून झाल्यावर साधारणपणे मान्य रकमेच्या वीस टक्के रुग्णाने द्यायचे असतात.

मेडिकेअर पैसे देणार नाही अशी दवाखान्याला शंका असेल, तर त्यांनी चाचणीच्या आधी एक सूचनापत्र देऊन त्यात कारण आणि अंदाजे खर्च लिहायला हवा. ते न देता चाचणी केली आणि मेडिकेअरने ‘वैद्यकीय आवश्यकता नाही’ म्हणून नकार दिला, तर तो खर्च सर्वसाधारणपणे रुग्णाकडून वसूल करता येत नाही. म्हणून स्वागतकक्षात कागदांचा गठ्ठा पुढे आला की आईला ‘कर गं सही’ म्हणून घाई करू नये. त्या सहीने पैशांची जबाबदारी बदलू शकते. हे पत्र मूळ मेडिकेअरपुरते आहे. खासगी कंपनीमार्फत घेतलेल्या मेडिकेअर ॲडव्हांटेज योजनांची पद्धत वेगळी असते आणि त्यांत पूर्वमंजुरी लागू शकते.

आईवडिलांना नुकतेच ग्रीन कार्ड मिळाले असेल, तर एक खुलासा : स्वतःची किंवा जोडीदाराची अमेरिकेतील पुरेशी नोकरी झालेली नसेल, तर पासष्ट वर्षे पूर्ण असूनही सलग पाच वर्षांच्या वास्तव्यानंतरच त्यांना मेडिकेअर विकत घेता येते.

विमा कंपनीच्या कागदावर सीओ-५०, पीआर-१ असे काहीतरी लिहिले आहे. त्याचा अर्थ काय?

हा कागद बिल नसतो, हे प्रथम पाहावे. तसे त्यावर छापलेलेही असते. मग आकड्याआधीची दोन अक्षरे वाचावीत. पीआर म्हणजे ती रक्कम रुग्णाची : पीआर-१ डिडक्टिबल, पीआर-२ टक्केवारीचा वाटा, पीआर-३ भेटीचा ठरीव आकार. सीओ म्हणजे दवाखाना आणि विमा कंपनी यांच्या करारातली गोष्ट, आणि करारबद्ध दवाखान्याने ती रक्कम रुग्णाकडे मागायची नसते. सीओ-५० म्हणजे आवश्यकता मान्य नाही, सीओ-९७ म्हणजे हे पैसे दुसऱ्या कोडात आलेले आहेत, सीओ-१९७ म्हणजे पूर्वमंजुरी घेतली नव्हती. कागदावर सीओ असताना दवाखान्याने बिल पाठवले, तर पैसे भरण्याआधी त्या ओळीवर बोट ठेवून विचारणा करावी.

‘ही चाचणी प्रायोगिक आहे’ असे सांगून खासगी कंपनीने नकार दिला. आता काय करावे?

काही कंपन्यांच्या धोरणात ही चाचणी खरोखरच तशी नोंदलेली आहे, तर काही ठरावीक कारणांसाठी ती मान्य करतात. प्रथम कंपनीचे त्या कोडाविषयीचे लेखी धोरण मागवावे. नकाराची सूचना मिळाल्यापासून १८० दिवसांत कंपनीकडेच अपील करता येते, आणि तेथेही नकार आला तर वैद्यकीय निर्णयाच्या प्रश्नावर चार महिन्यांत बाहेरच्या स्वतंत्र तज्ज्ञाकडून फेरतपासणी मागता येते. मूळ मेडिकेअरमध्ये पहिल्या अपिलाची मुदत १२० दिवसांची आहे.

अपिलात ‘आमची आई फार त्रासात आहे’ एवढेच लिहून भागत नाही. कितीदा पडली, कोणत्या तपासण्या आधी झाल्या, त्यांत उत्तर का मिळाले नाही, आणि या चाचणीनंतर व्यायामाचा आराखडा कसा बदलला, हे तारखांसह डॉक्टरांच्या पत्रात असायला हवे. चाचणीमुळे काहीच बदलले नसेल, तर अपील टिकणे कठीण आहे.

बाबा सहा महिन्यांसाठी व्हिजिटर व्हिसावर आले आहेत. त्यांची चाचणी येथे करावी का?

पाहुण्यांसाठीच्या विम्यात आधीपासूनचे आजार सहसा वगळलेले असतात, आणि भारतात एकदा जरी चक्करेचे औषध घेतल्याची नोंद असेल तरी कंपनी त्यावर बोट ठेवू शकते. ठरावीक रक्कम देणाऱ्या स्वस्त पॉलिसीत तर खर्चाचा लहानसाच भाग मिळतो. अचानक एका बाजूची ताकद जाणे, बोलणे अडखळणे, एकाचे दोन दिसणे किंवा अजिबात उभे न राहता येणे यांपैकी काही चक्करेसोबत असेल, तर विमा, बिल आणि ही चाचणी सगळे बाजूला ठेवून ९११ला फोन करावा. तसे नसेल आणि तक्रार जुनी असेल, तर साधी तपासणी येथे करून घ्यावी आणि यंत्रावरची चाचणी परत गेल्यावर करता येईल का, हे डॉक्टरांशी बोलावे.

विमा नसताना स्वतः पैसे भरणार असाल, तर २०२२पासून लागू झालेल्या कायद्याने खर्चाचा लेखी अंदाज आधी मागता येतो. प्रत्यक्ष बिल त्या अंदाजापेक्षा ४०० डॉलर किंवा अधिक वाढले, तर बिल मिळाल्यापासून १२० दिवसांत त्यावर तक्रार दाखल करता येते. भेट ठरवताना ‘९२५४८ की ९२५४९, आणि त्याच दिवशी आणखी कोणते कोड’ असे विचारून तो अंदाज घ्यावा. नुसता ‘बॅलन्स टेस्ट’चा अंदाज पुढे उपयोगी पडत नाही.

कोणते कागद जपून ठेवावेत?

डॉक्टरांची शिफारस, सह्या केलेल्या प्रत्येक पत्राची प्रत, तपशीलवार बिल, विमा कंपनीचा कागद आणि चाचणीचा संपूर्ण अहवाल. अहवालाचा फक्त सारांश घेऊ नये. सहा स्थितींचे अठराही प्रयत्न दाखवणारे पान मागावे, कारण पुढच्या वेळी तुलना त्याच्याशीच करायची असते, आणि आईबाबा पुण्याला किंवा नागपूरला परतल्यावर तेथील तज्ज्ञाला तेच पान लागते. आपली वैद्यकीय नोंद मागितल्यावर दवाखान्याला ती सर्वसाधारणपणे ३० दिवसांत द्यावी लागते. मागणी लेखी करावी आणि त्या पत्रावर तारीख घालायला विसरू नये.